पेन्सिलीतले शेरे

शनिवारी चार वाजता दांडिया बाजारात,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सात जण आपापल्या नोंदी घेऊन येतात.
खालच्या मशीनचा उजेड फळ्यांच्या फटीतून
आमच्या पायांवर येतो आणि सरकतो.

मी पेन्सिल तासते. लाल शाई सोडली
त्याला आता नऊ वर्षं झाली.
मांजावर लिहिणारा एक मुलगा होता, फणसे आडनावाचा.
लिहायचा सरसासारखं, जाड, ओघळणारं.
त्याच्या पानावर मी आडवं लिहिलं: निरर्थक.
एकच शब्द, पुढे दोन रेघा.
पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामी.
'मांजा' अजून आमच्या कोशात नाही.

तेव्हापासून पेन्सिल.
खोडरबर माझ्या हाताशी असतो, मुलांना देत नाही.

कुणाल लिहितो: 'बडोद्याची सेवउसळ जगात भारी.'
जग कोणी चाखलं, मी विचारते.
तो म्हणतो, बाई, माझे काका सुरतेला जाऊन आलेत.
सगळे हसतात. मीही.
मग 'भारी'वर अलगद रेघ
आणि समासात: वाटाणा पांढरा की हिरवा ते सांग,
तर्रीत काय पडतं ते सांग,
भारी आहे हे वाचणाऱ्यालाच म्हणू दे.
चालशे, तो म्हणतो, आणि भूक लागल्यासारखा लिहायला बसतो.

मिहीरच्या एका पानात 'असे म्हणतात' सहा वेळा.
कोण म्हणतं? कोण म्हणतं?
पाचव्यांदा लिहिताना मलाच
पोलिसचौकीत बसल्यासारखं वाटलं,
म्हणून सहाव्यासमोर: हे छान आहे. पण कोण?

रेवती ढमढेरेची नोंद 'मगर'.
पहिला मसुदा, ओळ अकरावी:
'पुराच्या रात्री ती आमच्या तिसऱ्या पायरीवर आली.'
मी 'आमच्या'भोवती गोल केला.
समासात लिहिलं: कोशाला घर नसतं.
वाक्य चांगलं होतं. तेही लिहायला हवं होतं.
लिहिलं नाही.

दुसरा मसुदा: 'पुराच्या काळात मगरी मानवी वस्तीत शिरतात.'
नियमात चोख, कडक इस्त्रीचं.
विश्वामित्री ओसरलेली. मगरही गेलेली.
मला खोडायला काही सापडेना
आणि तेच रात्रभर टोचत राहिलं.
सकाळी लिहिलं: किती? कुठवर? कोणी पाहिलं?
आणि त्याखाली बारीक: पायरी परत आण. पुराव्यासकट.

तीन शनिवार ती आली नाही.
मी त्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवत गेले.

चौथ्या शनिवारी कागदांचा गठ्ठा, कुबट वासाचा:
वनखात्याच्या वहीच्या प्रती,
गुजरातीतून तिनं उतरवलेली कात्रणं,
पकडल्याची वेळ, गल्ली, लांबी.
एक कारकून चहा पाजूनही वही दाखवेना,
त्याच्या साहेबानं दाखवली, एवढंच तिनं सांगितलं.

तिसरा मसुदा, ओळ अकरावी:
'त्या रात्री पकडलेल्यांपैकी एक, साडेपाच फुटी,
कारेलीबागेतल्या एका घराच्या तिसऱ्या पायरीवर आढळली.'
शेवटी चिमुकला आकडा, चार.
खाली चौथी टीप: वही, पान, तारीख.

एका घराच्या.
कोणीही वाचेल आणि पुढे जाईल.
मी तिथे थांबले. तीही माझ्या बोटाकडे बघत होती.
आम्ही दोघींनी काही विचारलं नाही.

मग तिनं जुना, पहिला मसुदा पुढे सरकवला.
'कोशाला घर नसतं'च्या शेजारी,
माझ्याहून बारीक अक्षरात, पेन्सिलीनंच:
संदर्भ?

मी बराच वेळ शोधला. आठवेना.
तसं तिला सांगितलं, आणि तो शेरा खोडला,
खोडरबराचा भुगा फुंकला.

बाकी नोंद पक्की.
अकराव्या ओळीत एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती,
तेवढी दीर्घ केली.